गिरणी कामगार ते नगराध्यक्ष: आजोबांचं चरित्र मधल्या वर्षांपासून लिहायला घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या यंत्रांवर, होते. १९५० च्या सुमारास बदली म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागले, पुढे युनियनमध्ये आले, नगरसेवक झाले आणि १९७४ मध्ये नगराध्यक्ष. घरात काही पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचे पास, फोटो, सत्काराच्या वेळची एक गौरविका आणि घरच्यांच्या तोंडी असलेले किस्से एवढाच ऐवज आहे. त्यावरून चरित्र लिहायचं तर सुरुवात कुठून करायची, किश्श्यांवर किती भरवसा ठेवायचा, अडचणीच्या गोष्टी लिहायच्या का आणि पद गेल्यानंतरच्या वर्षांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

कामगारांच्या आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या आठवणी नोंदवून त्यांची पुस्तकं संपादित करणं हेच माझं काम आहे, म्हणून आडवळणं न घेता सांगतो. जन्म, गाव, गरिबी इथून सुरू करू नका. ज्या वर्षांत आजोबा गिरणीत पाळीही करत होते आणि पालिकेच्या सभेलाही बसत होते, ती वर्षं आधी पकडा. गौरविका उघडून बघा, नेमकी तीच वर्षं तिच्यात नसतील. गिरणीला दोन पानं, मग ‘लोकाग्रहास्तव’ निवडणूक, आणि पुढे उद्घाटनांची यादी. साच्यावर उभा राहणारा माणूस अंदाजपत्रकाच्या सभेत कसा बसू लागला, हे त्यात कुणीच सांगत नाही. ते सांगितलं नाही तर चरित्र चमत्कारकथा होऊन बसतं.

गिरणीने माणसाला नगरपालिकेसाठी बरंच तयार केलेलं असतं. पगाराच्या दिवशी गेटवर उभं राहून वर्गणी गोळा करायची आणि प्रत्येकाची पावती फाडायची. जॉबरशी, म्हणजे कामगार लावणाऱ्या मुकादमाशी, भांडायचं, पण बदलीवाल्या पोराला उद्या काम मिळेल इतपतच. मागणीपत्र लिहायचं, ते इंग्रजीत करून देणारा वकील गाठायचा, तडजोडीच्या बैठकीत किती ताणायचं आणि कुठे सोडायचं हे ओळखायचं. महागाई भत्ता किमतींच्या निर्देशांकाला जोडलेला असायचा, त्यामुळे चौथी-पाचवी शिकलेला कामगारसुद्धा निर्देशांक किती अंकांनी चढला यावर हुज्जत घालायचा. असा माणूस पालिकेत गेला तर घरपट्टीच्या आकड्यांना घाबरत नाही. तुमच्या आजोबांनी यातलं काय काय केलं ते शोधा. युनियनची जुनी पावतीपुस्तकं, मागणीपत्रांच्या कार्बन प्रती कुणाच्या तरी माळ्यावर असतात.

इथे एक फरक आधीच करून ठेवा. कामगारांचा पुढारी आणि पुढारी झालेला कामगार ही दोन वेगळी माणसं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांना संघटित केलं, रविवारच्या सुट्टीसाठी झगडले, पण ते स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते. साच्यावरचे कामगार नव्हते. १९२८ च्या मोठ्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली तेव्हा तिचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे मात्र खरोखरचे गिरणी कामगार होते. मेरठच्या खटल्यात, म्हणजे इंग्रज सरकारने १९२९ मध्ये कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर भरलेल्या कटाच्या खटल्यात, आळवे आणि शां. स. मिरजकर एकाच पिंजऱ्यात उभे होते. त्यातले मिरजकर १९५८ मध्ये, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या काळात, मुंबईचे महापौर झाले, आणि मिरजकर हे बाहेरून चळवळीत आलेले कार्यकर्ते. आळव्यांसारख्याला ते पद मिळालं नाही. मोठ्या शहरात कामगाराच्या नावावर राजकारण व्हायचं, पण खुर्चीवर बहुधा शिकलेला माणूस बसायचा. तालुक्याच्या गावी कधी कधी वेगळं घडलं, कारण तिथे गिरणी, वस्ती आणि पालिका ही सगळी एका हाकेच्या अंतरात होती आणि मतदार उमेदवाराला नावानिशी ओळखायचा. तुमचे आजोबा नगरसेवक झाले तेव्हा गिरणीच्या मस्टरवर (हजेरीपटावर) होते की युनियनचे पूर्णवेळ काम करत होते? पुस्तकाची दिशा याच उत्तरावर ठरेल.

आता कागदांकडे. पगाराच्या चिठ्ठ्या मोडीत काढण्याजोग्या वाटतात, पण माझ्या लेखी त्या गौरविकेपेक्षा मोलाच्या. एकेक चिठ्ठी सावकाश वाचा. खातं कोणतं, तिकीट नंबर काय, हजर दिवस किती, मूळ वेतन किती, महागाई भत्ता किती. मुंबईत १९४७ च्या औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने २६ दिवसांच्या कामाला किमान मूळ वेतन ३० रुपये ठरलं होतं. गावातल्या गिरणीचा आकडा त्याच्याशी ताडून पाहता येईल. मग कपातीच्या रकान्यांकडे या. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ चा, आणि कापड उद्योग त्यात पहिल्यापासून आहे. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कायदा १९४८ चा असला तरी योजना टप्प्याटप्प्याने पसरली, मुंबईतसुद्धा ती १९५४ मध्ये आली. तुमच्या गावच्या चिठ्ठीवर ती कपात पहिल्यांदा कधी दिसते ते टिपून ठेवा. सोसायटीचा हप्ता दर महिन्याला कापला जात असेल तर घरात कर्ज होतं. दंडाचा रकाना असेल तर तोही बघा. १९३६ च्या वेतन कायद्यानंतर रुपयामागे अर्ध्या आण्याहून जास्त दंड कापता येत नव्हता, पण खराब निघालेलं कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करण्याचा प्रकार कामगारांच्या तक्रारींमध्ये वर्षानुवर्षं येत राहिला.

आणि हजेरीचे पास. यांचा एक उपयोग सहसा कुणाला सुचत नाही. पालिकेच्या इतिवृत्तात प्रत्येक सभेला कोण हजर, कोण गैरहजर, सभा किती वाजता सुरू झाली हे लिहिलेलं असतं. त्या तारखा आणि आजोबांच्या पासावरच्या तारखा शेजारी शेजारी मांडा. सभा दुपारी तीनची आणि त्याच दिवशी दुसरी पाळी हजर दिसली, तर पाळी बदलून घेतली असणार किंवा सभेतून मधूनच उठावं लागलं असणार. सभेच्या दिवशी रजा पडली असेल तर तेवढा पगार गेला. तिसरी पाळी करून सकाळी सात वाजता सुटलेला माणूस अकराच्या सभेत बसला असेल तर त्याचे डोळे कसे असतील, हे वेगळं लिहावं लागत नाही. दोन तारखा आणि दोन वेळा दिल्या की पुरे. असा एक महिना जरी जुळवता आला तरी तुमचं पहिलं प्रकरण तयार आहे.

साचेखात्याबद्दल दोन गोष्टी समजून घेतल्याशिवाय लिहू नका. पहिली म्हणजे आवाज. शेकडो साचे एकत्र चालत असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. माणसं ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलायची. वर्षानुवर्षं तिथे काढलेल्या अनेकांचे कान अधू झाले. ‘दादा सभेत फार मोठ्याने बोलायचे, अधिकारी दचकायचे’ असा किस्सा तुमच्या घरात असेल तर तो बाणेदारपणाचा पुरावा म्हणून छापण्याआधी आजीला विचारा, घरातही ते तसंच बोलायचे का.

दुसरी गोष्ट जातीची. धोट्यात (आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नळीत) नवी बॉबिन घातली की विणकर धोट्याच्या भोकाला तोंड लावून दोरा ओढून घ्यायचा. एकाचा धोटा दुसऱ्याच्या हाती जायचा. याच कारणावरून मुंबईच्या गिरण्यांमध्ये अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात घेतलं जात नसे, आणि साचेखात्यात पैसे जास्त मिळायचे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा उघडपणे लावून धरला होता. तेव्हा आजोबा साचेखात्यात होते एवढं लिहून पुढे जाता येणार नाही. ते कोणत्या समाजाचे, त्यांच्या गिरणीत कोणत्या खात्यात कोण होते, पाण्याचे माठ वेगळे होते का, आणि नगरसेवक झाल्यावर दलित वस्तीतल्या नळाचा विषय आला तेव्हा त्यांनी मत कुठे टाकलं, हे विचारावं लागेल. ‘कामगार सगळे एक होते’ हे वाक्य मी संपादनात जवळपास दर वेळी कापतो. काही ठिकाणी काही काळ एक होते. कुठे आणि केव्हा, ते दाखवा.

युनियन कोणती हेही नेमकं लिहा. मुंबई राज्यात १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने एका भागातल्या एका उद्योगात एकाच संघाला ‘प्रातिनिधिक’ दर्जा मिळायचा, आणि व्यवस्थापनाशी करार करण्याचा अधिकार त्याच्याकडे जायचा. आजोबा त्या मान्यताप्राप्त संघात असतील तर त्यांची उठबस साहेबांच्या केबिनमध्ये होती. लाल बावट्याच्या कम्युनिस्ट युनियनमध्ये किंवा समाजवाद्यांमध्ये असतील तर ती गेटबाहेर होती, आणि अशा माणसाला पालिकेची निवडणूक जास्त महत्त्वाची वाटते, कारण अधिकृतपणे बोलायला तेवढीच जागा उरते. खानदेशात या सगळ्यामागे साने गुरुजींची एक छटा असते. ते १९२४ पासून काही वर्षं अमळनेरला शिक्षक होते, पुढे १९३८ मध्ये तिथूनच ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढलं, आणि तिथल्या प्रताप मिलच्या कामगारांमध्ये त्यांचा शब्द चालायचा. तुमच्या आजोबांच्या पिढीतले बरेच जण ‘गुरुजींना ऐकलंय’ असं सांगतात. ऐकलं असेलही, पण वर्ष आणि वय जुळतंय का ते एकदा मोजून घ्या.

नगरपालिकेकडे ही माणसं का वळली, याचं उत्तर वस्तीत आहे. पगाराचा तंटा गिरणीत सुटायचा. संडास, गटार, नळ आणि रस्त्यावरचा दिवा यांचा तंटा तिथे सुटत नव्हता. त्यात मतदानाचा प्रश्न होता. स्वातंत्र्यापूर्वी पालिकांचं मत घरपट्टी, भाडं, मालमत्ता यांना बांधलेलं असायचं. मुंबई महापालिकेचीसुद्धा प्रौढ मतदानाने झालेली पहिली निवडणूक १९४८ ची. म्हणजे आजोबा ज्या काळात गिरणीत लागले त्याच काळात चाळीतल्या भाडेकरूचं मत पहिल्यांदा मोजलं जाऊ लागलं होतं. त्यांच्या वाढीला हा वारा मिळाला. व्यक्तीचे गुण सांगताना हे विसरलं की मागच्या पिढीतले तसेच गुणी कामगार नगराध्यक्ष का झाले नाहीत, याचं उत्तर देता येत नाही.

आता पालिकेचं दप्तर. तिथे जाऊन ‘आजोबांची माहिती द्या’ म्हणालात तर काही मिळणार नाही. सर्वसाधारण आणि विशेष सभांची इतिवृत्तं, त्यांच्या विषयपत्रिका, त्या वर्षांची अंदाजपत्रकं आणि लेखापरीक्षण अहवाल असं नावानिशी मागा. साध्या अर्जावर दाखवलं तर उत्तम. नाहीतर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करा. महाराष्ट्रात तो दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, म्हणून इतिवृत्तांचा एक अर्ज आणि लेखापरीक्षणाचा दुसरा. झेरॉक्स मागण्यापेक्षा अवलोकनाची परवानगी मागा. बसून पानं उलटताना जे सापडतं ते मागून मिळत नाही.

इतिवृत्त वाचायची एक सवय करावी लागते. ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ या वाक्यामागे तासाभराचं भांडण असू शकतं. सूचक कोण, अनुमोदक कोण हे बघा. तीच दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा जोडीने आली तर गट कळतो. विरोध नोंदवला असेल तर तो शब्दशः उतरवून घ्या. आणि सभेच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ असतात, ते हमखास वाचा. विषयपत्रिकेत आधी छापायला अडचणीचं असलेलं पुष्कळ काही या दाराने आत येतं, चांगलंही आणि वाईटही. गटारीची तातडीची दुरुस्ती इथे सापडते आणि मर्जीतल्या माणसाला दिलेला गाळाही इथेच सापडतो.

कायदा थोडा माहीत हवा, नाहीतर नको ते श्रेय दिलं जातं. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका अधिनियमाआधी तुमच्या भागातल्या पालिका मुंबई राज्याच्या १९०१ आणि १९२५ च्या कायद्यांखाली चालायच्या. विदर्भात आणि मराठवाड्यात कायदे वेगळे होते. १९६५ च्या कायद्यात नगराध्यक्ष सभेचा अध्यक्ष असतो, देखरेख करतो, पण कारभार मुख्याधिकाऱ्याच्या सहीने चालतो. नगराध्यक्षाच्या हातात थेट अधिकार येतो तो मुख्यतः कलम ५८(२) खाली, तातडीचं काम करून घेण्याचा. जुने कर्मचारी आजही ‘अठ्ठावन्न दोनमध्ये केलं’ असं म्हणतात. आजोबांनी ते कलम कशासाठी वापरलं त्याची यादी काढा, त्यातून त्यांचा स्वभाव दिसेल. कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्याने त्यांचे काही ठराव तहकूब केले असतील तर तीही यादी काढा. म्हणून ‘आजोबांनी गावाला पाणी आणलं’ असं लिहिण्याआधी योजनेची फाईल बघा. प्रस्ताव कुणाच्या काळात गेला, कर्ज कुणी काढलं (त्या काळात पालिका पाणी योजनांसाठी आयुर्विमा महामंडळाकडूनही कर्ज घ्यायच्या), आणि नळाला पाणी आलं तेव्हा खुर्चीत कोण होतं. या तीन वेळी तीन वेगळे नगराध्यक्ष असणं अगदी शक्य आहे. आजोबांच्या वाट्याला त्यातलं एकच काम आलं असेल तर तेच नीट सांगा. १९७२ च्या दुष्काळानंतर लगेच निवडून आलेल्या माणसाकडून लोकांनी आधी पाणीच मागितलं असणार, हे उघड आहे.

१९७४ हे साल तुमच्यासाठी भाग्याचं. त्या वेळी नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडले. त्याआधी नगरसेवक आपल्यातून निवडत. पुढे २००१ मध्ये थेट निवड पुन्हा आली, मग गेली, २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये काढली, २०२२ मध्ये परत आणली. थेट निवडून आलेल्या माणसाची ताकद आणि अडचण एकच होती: लोक त्याचे, पण सभागृहातलं बहुमत दुसऱ्या गटाचं असू शकायचं. तुमच्याकडे तसं होतं का, हे पहिल्या वर्षाच्या इतिवृत्तातच कळेल. विषय समित्यांच्या निवडी बघा, मतं मोजलेली असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो, आणि इथे वेळ घालवा. नगराध्यक्ष झाल्या दिवसापासून आजोबा मालकाच्या बाजूला बसले. पालिकेकडे सफाई कामगार होते, पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्हमन होते, जकात नाक्यावरचे कारकून होते, आणि वर्षानुवर्षं रोजंदारीवर ठेवलेली माणसं होती. त्यांचंही मागणीपत्र येत होतं. आयुष्यभर मागणीपत्र दिलेल्या माणसाने समोर आलेल्या मागणीपत्राचं काय केलं? रोजंदारीवाल्यांना कायम करण्याचा ठराव आणला का? आणला तर पैशाची तरतूद केली, की ठराव करून शासनाकडे ढकलला? सफाई कामगारांनी काम बंद केलं तेव्हा बाहेरून माणसं आणली का? त्या काळात अनेक गावांत टोपल्यांचे संडास होते आणि मैला डोक्यावरून वाहिला जात होता. मुंबई सरकारच्या बर्वे समितीने १९४९ मध्येच सफाई कामगारांच्या हलाखीची चौकशी केली होती, तरी मैला वाहण्यावर बंदीचा केंद्रीय कायदा यायला १९९३ उजाडलं. गिरणीत कापसाची तूस छातीत भरून घेतलेला माणूस या लोकांकडे कसा बघत होता?

याचं उत्तर दर वेळी गोड येत नाही. काही जणांनी खुर्चीत बसल्यावर पहिला ठराव सफाई कामगारांच्या खोल्यांचा केला. काही जणांनी ‘पालिका म्हणजे गिरणी नव्हे, इथे नफा नाही’ असा तोच युक्तिवाद केला जो त्यांनी स्वतः व्यवस्थापनाच्या तोंडून ऐकला होता, फक्त शब्द फिरवून. आजोबांनी दोन्ही केलं असेल. मी असतो तर पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण यावर लिहिलं असतं, आणि त्यासाठी आधी पालिकेतल्या निवृत्त सफाई कामगारांच्या घरी गेलो असतो. आजोबांच्या कार्यकर्त्यांकडे नंतर.

याच्याच जोडीला गिरणी आणि पालिका यांचा पैशाचा संबंध. त्या काळी नगरपालिकेची चूल जकातीवर, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरच्या करावर, पेटायची. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली तोवर हेच मुख्य उत्पन्न. गिरणी चालू असली की कापूस, कोळसा, यंत्रसामग्री आणि कामगारांचा बाजार या सगळ्यावर जकात. शिवाय घरपट्टी आणि पाणीपट्टी. गिरणी डबघाईला आली की पहिली थकबाकी पालिकेची. मग नगराध्यक्ष म्हणून वसुलीची नोटीस काढायची तर त्याच गिरणीत आपल्याच माणसांचे पगार अडकलेले. नोटीस नाही काढली तर गावाचे दिवे बंद. १९७४ मध्येच आजारी कापड गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा आला आणि शंभराहून अधिक गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. तुमच्या गावची गिरणी कुणाकडे होती, तेव्हा तिच्याकडे पालिकेचं येणं किती होतं, हे दोन आकडे मिळाले तर त्यांच्या कारकिर्दीची अर्धी गोष्ट कळेल.

आणीबाणी विसरू नका. जून १९७५ ला ते खुर्चीत होते. संपबंदी, मिसा कायद्याखाली विनाचौकशी अटका, आणि १९७६ मध्ये नसबंदीची उद्दिष्टं. त्या वर्षातल्या शिबिरांच्या ठरावांवर कुणाच्या सह्या आहेत ते बघा आणि जसं असेल तसं लिहा.

किश्श्यांबद्दल: फेकू नका, तपासा. ‘नगराध्यक्ष झाले तरी सायकलवरच जायचे, पालिकेची गाडी नाकारली’ हा किस्सा मी इतक्या जणांबद्दल ऐकलाय की आता पहिला प्रश्न विचारतो, त्या वेळी पालिकेकडे गाडी होती का? वाहनाची नोंदवही असते. गाडीच नसेल तर नाकारणार काय! किस्सा खोटा ठरला म्हणून तो टाकून द्यायची गरज नाही. लोकांना आपला नगराध्यक्ष कसा असावा असं वाटत होतं हे त्यातून कळतं. फक्त ‘अशी आठवण सांगतात’ असं म्हणून लिहा.

मुलाखतींमध्ये ‘ते कसे होते?’ हा प्रश्न वाया जातो, उत्तर ‘देवमाणूस’ असंच येतं. दिवस विचारा. पगाराच्या दिवशी घरी किती वाजता यायचे, पाकीट कुणाच्या हातात द्यायचे, संपात किती महिने चूल कशावर चालली, कोणत्या दुकानदाराने उधारी दिली. आजी हयात असतील तर त्यांच्याशी आधी बोला, आणि इतर कुणी समोर नसताना बोला. युनियनच्या रात्रीच्या बैठकांचा चहा कुणी केला आणि आजोबा अटकेत असताना सोसायटीचा हप्ता कुणी फेडला, हे गौरविकेत कधीच नसतं. सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग खात्यात बायका असायच्या, त्यांच्यापैकी कुणी भेटलं तर आजोबांच्या युनियनने त्यांच्या मागण्यांसाठी काय केलं ते विचारा. विरोधी गटातल्या एका तरी माणसाकडे जाच. बहुतेक वेळा सगळ्यात अचूक तारखा त्यालाच आठवतात.

अडचणीचं लिहायचं का, या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो’ आहे, पण रीतीने. अविश्वास ठराव आला असेल, लेखापरीक्षणात आक्षेप निघाला असेल, नातेवाइकाला कंत्राट गेलं असेल, तर ठरावाची तारीख, आकडा, बाजूने आणि विरोधात किती मतं पडली, आणि आजोबांनी सभेत काय उत्तर दिलं एवढं द्या. वकिली करू नका, फाशीही देऊ नका. लेखापरीक्षणाचे आक्षेप तर प्रत्येक पालिकेवर ढिगाने असतात. त्यातले बहुतेक पावती न जोडल्याचे. तेव्हा आक्षेप दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, पण त्याचं पुढे काय झालं हे शोधल्याशिवाय छापू नका. हयात खाजगी माणसांची नावं अशा जागी टाळा.

वर्तमानपत्रांचे जुने अंक जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयांत बघा. सभागृहात काय बोललं गेलं ते इतिवृत्तापेक्षा बातमीत जास्त असतं. संप आणि टाळेबंदीच्या तारखांसाठी मुंबई सरकारचं ‘लेबर गॅझेट’ १९२१ पासून निघत होतं, त्यात गिरणीवार तंट्यांच्या नोंदी येतात. नगराध्यक्षाची मुदत कधी संपली, प्रशासक कधी आला यासाठी राजपत्र.

घरातल्या कागदांना सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. पगाराच्या चिठ्ठ्यांचा कागद पातळ असतो, उष्णतेने शाई जाते आणि मग काही करता येत नाही. आधी मोबाईलवर उजेडात सरळ फोटो काढा, मग साध्या पांढऱ्या कागदाच्या घड्यांमध्ये वर्षवार ठेवा. फोटोंच्या मागे पेन्सिलने नावं लिहा, आणि ती ओळखणारी माणसं आहेत तोवरच लिहा.

पद गेल्यानंतरची वर्षंही घ्या, आणि ती दोन पानांत गुंडाळू नका. गिरणी बंद झाली तेव्हा ते कामगार म्हणून कोणत्या यादीत होते, ग्रॅच्युइटी आणि फंड किती मिळाला, कधी मिळाला, त्यासाठी माजी नगराध्यक्षाला किती खेटे घालावे लागले, आणि त्या कार्यालयात त्यांना कुणी ओळखलं का. इथे पुन्हा तिकीट नंबर, हजेरी पास, पगारपावती हेच कागद लागतात. मुंबईत गिरणी कामगारांना घरांसाठी पात्रता सिद्ध करतानाही हेच मागितले गेले. त्यामुळे ते पास आजोबांनी जपून ठेवले यामागे आठवणीपेक्षा व्यवहार जास्त असू शकतो. आजींना विचारा, त्यांना माहीत असेल.

कामाचा क्रम असा ठेवा: सगळ्यात वयस्कर माणसाची मुलाखत या आठवड्यात, पालिकेतला अर्ज त्याच्यामागोमाग, कारण जुनं दप्तर इमारत बदलताना किंवा वाळवीने जातं. वर्तमानपत्रं थांबू शकतात. इतिवृत्तांची पहिली वही हाती आली आणि अक्षर लागलं नाही, किंवा एखाद्या ठरावाचा अर्थ कळला नाही, तर त्या पानाचा फोटो पाठवा, बघून सांगतो.